एकाच बरोक संगीतकारावर आयुष्यभर काम करता येतं का? (बाख की श्टोल्त्सेल?)

मंद्रसप्तक

जर्मनीत संगीतशास्त्रात एमए करतेय, शेवटचं सेमिस्टर चालू आहे. पुढे पीएचडी करायची आणि विषय अठराव्या शतकातला घ्यायचा, इथपर्यंत ठरलंय. त्याच्या पुढे गाडी अडली आहे.

मागच्या सेमिस्टरला गोटफ्रीड हाइनरिश श्टोल्त्सेलची एक पॅशन, म्हणजे ख्रिस्ताच्या क्रूसावरच्या मरणाची कथा गाऊन सांगणारी रचना, हाती आली. ज्यांनी नाव ऐकलं नसेल त्यांच्यासाठी : जन्म १६९०, मृत्यू १७४९, जर्मनीतल्या गोटा या गावच्या दरबारात जवळजवळ तीस वर्षं संगीतप्रमुख. म्हणजे बाखचा समकालीन, आणि राहायलाही फार लांब नाही. ही पॅशन खुद्द बाखने १७३४ च्या गुड फ्रायडेला लाइपझिगमध्ये सादर केली होती. तिच्यात बाखच्या पॅशनमधली ती गर्दी, तो आरडाओरडा नाही. छोट्या छोट्या चिंतनांतून कथा हळूहळू पुढे सरकते. मी ती वाचायला बसले आणि रात्र कधी झाली कळलं नाही. तेव्हापासून याच माणसावर काम करावंसं वाटतंय.

माझे मार्गदर्शक म्हणतात, "श्टोल्त्सेल छान आहे, पण पुढे नोकरीच्या अर्जावर बाखचं नाव दिसलं नाही तर तुला कोण बोलावणार?" वर्गातले उलट म्हणतात की बाखवर दोनशे वर्षं लोक लिहितायत, आता तिथे उरलंय काय?

तर या क्षेत्रात प्रत्यक्ष काम केलेल्यांना विचारायचंय. एकाच संगीतकाराचा तज्ज्ञ म्हणून माणसाचं पोट भरतं का? दिवसभर तो नेमकं करतो काय? आणि आत्ताच काय शिकून ठेवायला हवं?

पैलतीर

मी पीएचडीनंतर काही वर्षं विद्यापीठात काढून बाहेर पडलो, म्हणून आधी व्यवहाराचं सांगतो. जर्मन विद्यापीठांत मुदतीच्या करारावर साधारणपणे पीएचडीआधी सहा आणि नंतर सहा वर्षं ठेवता येतं. त्यानंतर प्राध्यापकपद मिळालं तर ठीक, नाहीतर बाहेरच्या निधीवरचे प्रकल्प शोधत फिरायचं. पीएचडीच्या काळातली जागा बहुधा अर्ध्या किंवा पाऊण पगाराची, काम मात्र पूर्ण वेळाचं. मी ज्या विभागात होतो तिथे दर वेळी करार संपायला आला की शेवटच्या महिन्यापर्यंत कोणी काही सांगत नसे. त्यात घरभाडं आणि व्हिसा दोन्ही टांगणीला.

विषय आवडतो म्हणून नक्की कर. पण या बारा वर्षांचा हिशोब कागदावर मांडून मग कर.

कागदवाली

पैलतीर यांनी सांगितलं ते खरं आहे, त्यात काही कमी करून सांगायची गरज नाही. मी दुसऱ्या बाजूने लिहिते. मी बरीच वर्षं अठराव्या शतकातल्या एका संगीतकाराच्या समग्र आवृत्तीवर संपादक आहे. प्राध्यापक नाही, कधी नव्हते.

मंद्रसप्तक, तू श्टोल्त्सेलच्या ज्या पॅशनबद्दल लिहिलंस, तिच्यातच तुझ्या अर्ध्या प्रश्नाचं उत्तर आहे. बाखच्या रचनांच्या सूचीत २०० क्रमांकाची एक सुटी आरिया, म्हणजे एकट्याने गायचं गाणं, आहे, आल्टो (खालच्या पट्टीतल्या) आवाजासाठी. पान बाखच्या स्वतःच्या हातचं, त्यामुळे रचना कोणाची याबद्दल शंका घ्यायचं कोणाला कारणच नव्हतं. हरवलेल्या एखाद्या कॅन्टाटाचा, म्हणजे चर्चमधल्या उपासनेसाठीच्या गायन-वादनाच्या रचनेचा, हा उरलेला तुकडा असणार, असं धरून ती बाखच्या आवृत्तीत छापलीही गेली. २००८ मध्ये बाखचे अभ्यासक पेटर वोल्नी यांनी दाखवून दिलं की बाखने ही श्टोल्त्सेलच्या त्याच पॅशनमधली आरिया घेऊन नव्याने बांधली आहे. हे ओळखायला बाखचं संगीत कितीही पाठ असून उपयोग नव्हता, श्टोल्त्सेलची पॅशन वाचलेली असावी लागत होती. तुझ्या वर्गातल्या मित्रांना हे सांग. बाखवर उरलेलं काम बाखच्या शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या कपाटात पडलंय.

पियानो शिकणारं प्रत्येक पोर वाजवतं तो जी मेजरमधला मिन्युएट (नाचाची छोटी रचना) घे. बाखची बायको आना माग्दालेना हिच्या १७२५ च्या वहीत तो आहे, म्हणून बाखचा समजला गेला. १९७० च्या दशकात हान्स-योआखिम शुल्झे यांनी तो ड्रेस्डेनचा ऑर्गनवादक क्रिस्टियान पेट्झोल्ड याचा असल्याचं दाखवलं. त्याच वहीतलं 'बिस्ट डू बाय मीअर' हे लग्नांत गायलं जाणारं गाणं तर तुझ्या श्टोल्त्सेलचंच, त्याच्या 'डिओमेडेस' नावाच्या ऑपेरातलं. त्या आरियेची प्रत बर्लिनच्या झिंग-अकाडेमी या गायनसंस्थेच्या संग्रहात होती. हा संग्रह दुसऱ्या महायुद्धात हलवला गेला आणि गेला तो गेलाच. १९९९ मध्ये क्रिस्टोफ वोल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांना तो कीव्हमध्ये सापडला, दोन वर्षांनी बर्लिनला परत आला. हजारो हस्तलिखितं. ती सगळी नीट वाचायला एक पिढी पुरणार नाही.

आता दिवसभर करतो काय? पार्टचा, म्हणजे एकेका वादक-गायकासाठी लिहिलेल्या कागदांचा, गठ्ठा समोर आला की मी पहिल्यांदा सूर वाचत नाही. सी क्लेफ, म्हणजे ओळीच्या सुरुवातीची पट्टी दाखवणारी खूण, बघते. कोणी तो दोन उभ्या दांड्यांना हुक लावल्यासारखा काढतो, कोणी एका दमात तीनच्या आकड्यासारखा. मग क्वार्टर रेस्ट, म्हणजे विरामाची खूण. मग खाली जाणारी हाफ नोटची दांडी डाव्या बाजूने निघते, उजव्या की मधूनच. एवढ्यावर माणूस बदलला की कळतं. मग पानाखाली पातळ लाइट शीट सरकवायची. कागदाच्या साच्यातल्या तारांच्या रेषा दिसायला लागतात आणि मधे वॉटरमार्क, एखादा मुकुट नाहीतर अर्धचंद्र. कागद करणारे साचे जोडीने वापरत, त्यामुळे प्रत्येक वॉटरमार्कला एक जुळा भाऊ असतो, थोडासा वाकडा. दोघं एकाच गठ्ठ्यात भेटले तर तो कागद एकाच खरेदीतला असण्याची शक्यता खूप वाढते. माझं या कामावर मनापासून प्रेम आहे. आजही एखादा अनोळखी हात, म्हणजे हस्ताक्षर, दुसऱ्या गावच्या गठ्ठ्यात दिसला की मी खुर्चीतून उठते.

असल्या बारीक निरीक्षणांतून केवढं उलटंपालटं होतं ते बघ. बाखचा चरित्रकार फिलिप श्पिटा याने एकोणिसाव्या शतकात बाखच्या कोरल कॅन्टाटा (चर्चच्या स्तोत्रांवर बांधलेल्या) बाखच्या उतारवयात, १७३५ नंतर, टाकल्या होत्या, आणि सगळे तेच धरून चालले होते. १९५७ मध्ये आल्फ्रेड ड्युर आणि १९५८ मध्ये गेओर्ग फॉन डाडेल्सेन यांनी कागद आणि हस्ताक्षरं ताडून नवा कालक्रम मांडला. त्या कॅन्टाटा १७२४-२५ च्या निघाल्या. बाख लाइपझिगला १७२३ मध्ये आला, म्हणजे आल्या आल्या काही वर्षांतच त्याने आपलं बहुतेक चर्चसंगीत लिहून टाकलं होतं. म्हातारपणी शांतपणे दर आठवड्याला कॅन्टाटा लिहिणारा जो बाख लोकांच्या मनात होता, तो गेला. यात सगळ्यांत उपयोगी पडलेल्यांपैकी एक म्हणजे शाळेतला एक विद्यार्थी. आधी त्याला नाव नव्हतं, 'मुख्य नकलकार अ' म्हणायचे. तो योहान आंद्रेआस कुनाउ, बाखच्या आधीच्या कांटोरचा, म्हणजे चर्चच्या संगीतप्रमुखाचा, पुतण्या. १७२३ ते १७२५ या काळात तो बाखसाठी मुख्य नकलकार होता. त्याचा हात जिथे दिसतो तिथे तारीख जवळजवळ हातात येते.

ड्युर यांचं आणखी एक सांगण्यासारखं. विसाव्या शतकातल्या बाखविषयक कामात त्यांच्या तोडीचं काम थोड्यांचं, आणि ते केलं त्यांनी ग्योटिंगेनच्या बाख संस्थेत आवृत्तीच्या कामावर राहून, विद्यापीठात विभाग न चालवता. म्हणून मार्गदर्शक 'करिअर' म्हणताना फक्त प्राध्यापकी डोळ्यांसमोर ठेवत असतील तर तेवढ्यावर जाऊ नकोस. या क्षेत्रात आवृत्त्यांचे प्रकल्प, अर्काइव्ह, हस्तलिखितांची ग्रंथालयं हीसुद्धा मुख्य घरं आहेत. विज्ञान अकादम्यांच्या कार्यक्रमातून, अर्धा पैसा केंद्राचा आणि अर्धा राज्यांचा, असे प्रकल्प बारा बारा, पंचवीस पंचवीस वर्षं चालतात.

पण तेही संपतात. नव्या बाख आवृत्तीचा पहिला खंड १९५४ मध्ये आला आणि २००७ मध्ये आवृत्ती पुरी झाली. मधे देशाचे दोन तुकडे झालेले, एक संस्था पश्चिमेत ग्योटिंगेनला, एक पूर्वेत लाइपझिगला, तरी काम दोघांनी मिळून रेटलं. आवृत्ती झाली आणि ग्योटिंगेनची संस्था बंद झाली, कारण ती त्याच कामासाठी उभी होती. लाइपझिगचं बाख अर्काइव्ह चालू राहिलं, कारण तिथे संग्रहालय, ग्रंथालय, महोत्सव आणि संशोधन असं सगळं एका छपराखाली होतं. कुठल्या प्रकल्पात शिरताना तो कितवा खंड चालू आहे हे आधी विचारावं.

मंद्रसप्तक

कागदवाली ताई, इतकं सविस्तर लिहिलंत, खूप खूप आभार. २०० क्रमांकाच्या आरियेबद्दल मला माहीतच नव्हतं, आत्ता दोन्ही शेजारी ठेवून बघतेय.

दोन गोष्टी विचारते. श्टोल्त्सेलचं बरंच संगीत हरवलंय. जे आहे त्यातलं पुष्कळ जोंडर्सहाउझेन या जर्मन गावात आणि बर्लिनला. ज्याचं अर्धंअधिक नाहीसं झालंय त्याच्यावर प्रबंध उभा राहील का? आणि दुसरं, तुम्ही हातांबद्दल लिहिलंत ते शिकवतं कोण? आमच्याकडे नोटेशनचा एक कोर्स आहे, पण त्यात छापील नमुनेच असतात.

पिसाची_तार

मी हार्प्सिकॉर्ड वाजवते, संशोधक नाही, पण एक उदाहरण द्यावंसं वाटतं. राल्फ कर्कपॅट्रिक. वादक, येल विद्यापीठात शिकवायचे, आणि डोमेनिको स्कार्लात्ती या संगीतकाराचं चरित्र त्यांनी लिहिलं, १९५३ मध्ये. त्याच्या साडेपाचशेच्या वर सोनाटांना (हार्प्सिकॉर्डसाठीच्या रचनांना) आज आपण जे के क्रमांक लावतो ते त्यांचे. स्कार्लात्तीच्या हातची सोनाटांची एकही प्रत उरलेली नाही. सगळं काही नकलकारांच्या वह्यांवर, मुख्यतः व्हेनिस आणि पार्मामधल्या. तेव्हा हरवलेल्या गोष्टींना घाबरू नकोस. कर्कपॅट्रिक माद्रिदला गेले आणि स्कार्लात्तीचे वंशज त्यांनी चक्क टेलिफोन डिरेक्टरीतून शोधून काढले. मला ते फार आवडतं. अर्काइव्हमध्ये शिरायच्या आधी हातातली साधी साधनं बघितली.

आणि वाजवणं सोडू नकोस. बोटं कुठे अडखळतात यावरून नकलेतली चूक पुष्कळदा कानाला आधी कळते.

नोंदवही

मी हस्तलिखितांची सूची करतो, म्हणजे ग्रंथालयातला माणूस. माझ्या कामाकडेही नोकरी म्हणून बघ. आरआयएसएम ही जुन्या संगीताच्या हस्तलिखितांची आंतरराष्ट्रीय सूची १९५२ पासून चालू आहे, आज ऑनलाइन दहा लाखांहून जास्त नोंदी आहेत आणि कोणालाही फुकट शोधता येतात. रचनेचे पहिले सूर टाकून शोधता येतं, हे सगळ्यांत मोठं. 'निनावी' म्हणून पडलेल्या किती रचनांना अशाने बाप मिळाला.

कागदवाली शेजाऱ्यांबद्दल बोलल्या त्याला माझ्याकडून एक जोड. ड्रेस्डेनच्या ग्रंथालयात एक 'डिक्सिट डोमिनुस' (लॅटिन स्तोत्राची चर्चसाठीची रचना) होतं, त्यावर गालुप्पी या व्हेनिसच्या संगीतकाराचं नाव. २००५ मध्ये मेलबर्नच्या जॅनिस स्टॉकिग्ट यांनी ते विवाल्दीचं असल्याचं दाखवलं, विवाल्दीच्या सूचीत आज आरव्ही ८०७. त्या मूळच्या ड्रेस्डेनचा संगीतकार झेलेन्का याच्या अभ्यासक. ड्रेस्डेनच्या दरबारी चर्चमध्ये काय काय गायलं जायचं ते तपासताना हे समोर आलं. व्हेनिसच्या इझेप्पो बाल्दान या नकलांच्या व्यापाऱ्याने विवाल्दीच्या मृत्यूनंतर गालुप्पीचं नाव घालून माल विकला होता, कारण तेव्हा बाजारात गालुप्पी चालत होता.

पैलतीर

माझ्या प्रतिसादाने उगाच घाबरवलं असेल तर तसा हेतू नव्हता. कागदवालींनी लिहिलेली अकादमीच्या प्रकल्पांची वाट मला माझ्या वेळी कोणी सांगितली नाही, मला फक्त प्राध्यापकीच दिसत होती. एक भर घालतो : अशा जागांच्या जाहिराती विद्यापीठाच्या फलकावर नेहमी येत नाहीत. अकादम्यांच्या आणि अर्काइव्हच्या पानांवर स्वतः जाऊन बघत राहावं लागतं.

कागदवाली

नोंदवही, स्टॉकिग्ट यांचं उदाहरण आणलंत ते फार बरं झालं. मी झेलेन्कावरच्या त्यांच्या कामाची चाहती आहे.

मंद्रसप्तक, हात वाचायला वर्गात कोणी शिकवत नाही, टेबलावर शिकायचं. आधी कुरेंट, म्हणजे जुनी जर्मन हस्तलिपी. संगीताच्या कागदांवर सुरुवात करू नकोस, तिथे अक्षरं थोडी आणि विखुरलेली. चर्चच्या जमाखर्चाच्या वह्या घे. तेच ते शब्द दर तिमाहीला येतात, ऑर्गनवादकाचा पगार, मेणबत्त्या, लाकूड, ऑर्गनच्या भात्याची दुरुस्ती. काही आठवड्यांत डोळा बसतो. आणि पुढे याच वह्यांमधून तुला नकलकार सापडतील, कारण नकलेचे पैसे कोणाला दिले ते तिथेच लिहिलेलं असतं.

असले नोकरीचे आणि हिशोबाचे कागद काय करू शकतात याचं ताजं उदाहरण दिल्याशिवाय राहवत नाही. वोल्नी यांनी १९९२ मध्ये, पीएचडीच्या दिवसांत, ब्रसेल्सच्या राजग्रंथालयात ऑर्गनच्या दोन शाकोन (पुन्हा पुन्हा येणाऱ्या खर्जावर बांधलेल्या रचना) पाहिल्या. कर्त्याचं नाव नाही. रचनेचं वळण त्यांना तरुण बाखचं वाटलं, पण वाटण्यावर त्यांनी काही जाहीर केलं नाही. नकलकार कोण हे कळत नव्हतं. बऱ्याच वर्षांनी कोणा झालोमोन ग्युंटर योन नावाच्या ऑर्गनवादकाचा नोकरीसाठीचा अर्ज उजेडात आला. त्यात त्याने लिहिलं होतं की आपण आर्नश्टाटला बाखकडे शिकलो. त्याच्या हाताचे नमुने मिळवून ताडून बघितल्यावर जुळलं. १७ नोव्हेंबर २०२५ रोजी लाइपझिगच्या थोमासकिर्श या चर्चमध्ये ऑर्गनवादक टोन कोपमान यांनी त्या दोन्ही वाजवल्या आणि त्यांना बाखच्या सूचीत ११७८ आणि ११७९ हे क्रमांक मिळाले. दरम्यान वोल्नी पीएचडीच्या विद्यार्थ्याचे लाइपझिगच्या बाख अर्काइव्हचे संचालक झाले होते. तेहेतीस वर्षं त्यांनी तो प्रश्न बाजूला टाकला नाही, आणि घाईने उत्तरही दिलं नाही. माझ्या लेखी या पेशातली सगळ्यांत मोठी लायकी तीच.

हरवलेल्या संगीताबद्दल. श्टोल्त्सेलच्या रचनांची छापील गाणपुस्तकं, म्हणजे चर्चमध्ये लोकांच्या हातात द्यायची संहिता, पुष्कळ ठिकाणी उरली आहे. बाखने लाइपझिगमध्ये कोणाकोणाचं काय सादर केलं याचे काही पुरावे संशोधक तात्याना शाबालिना यांना सेंट पीटर्सबर्गच्या राष्ट्रीय ग्रंथालयात अशाच पुस्तिकांत मिळाले. १७३५-३६ मध्ये बाखने श्टोल्त्सेलची अख्ख्या वर्षाची कॅन्टाटामालिका सादर केल्याचं आता मानलं जातं, तेही संगीताच्या कागदांवरून नाही, संहितांवरूनच निघालं. संगीत हरवलं तरी त्याची सावली शाबूत असते.

तर माझा सल्ला असा. प्रबंध श्टोल्त्सेलवरच कर, पण 'श्टोल्त्सेलचं जीवन आणि कार्य' असा करू नकोस. त्याचं संगीत गोटाबाहेर कसं पसरलं, कोणी नकला केल्या, कोणत्या गावी काय बदललं, यावर कर. एक पार्ट उघडून ऑर्गनचा कंटिन्युओ, म्हणजे खालच्या आधारसुरांचा भाग, बघ. लाइपझिगचे ऑर्गन इतर वाद्यांपेक्षा एक स्वर चढे लावलेले होते, म्हणून तिथे ऑर्गनचा पार्ट एक स्वर खाली लिहून देत. पार्ट कुठल्या पट्टीत लिहिलाय एवढ्यावरून तो कुठल्या ऑर्गनसाठी केला असेल याचा माग लागतो. असा प्रबंध केलास तर लाइपझिग त्यात येणारच, आणि लाइपझिग आलं की बाख आलाच. मार्गदर्शकांना हवं ते नाव अर्जावर आपोआप येईल, आणि तुला तुझा माणूस सोडावा लागणार नाही.

जोंडर्सहाउझेनला जायच्या आधी आरआयएसएममधल्या तिथल्या सगळ्या नोंदी उतरवून घे आणि नकलकारांच्या रकान्यात जिथे जिथे 'अज्ञात' आहे तेवढ्या वेगळ्या काढ. प्रस्तावाचा मसुदा झाला की इथे टाक. नकलकारांवरचा भाग मी वाचून देते.

मंद्रसप्तक

यादी आज संध्याकाळपासूनच करायला घेते. मसुदा पुढच्या महिन्यात टाकेन. पार्टचे फोटो इथे टाकता येणार नाहीत, ग्रंथालयाची परवानगी लागेल बहुतेक. पण क्लेफ आणि रेस्ट हाताने उतरवून काढलेले चालतील ना?

कागदवाली

चालतील, उलट तेच बरं. उतरवताना हात कुठून सुरू होतो ते कळतं. फक्त प्रत्येक चित्राखाली पार्टचं नाव आणि पान क्रमांक लिही.